पोह्यांचं काय करायचं ते सांगा

गेल्या महिन्यात आमच्या भागातल्या एका मराठी मंडळाने आहारावर परिसंवाद ठेवला होता. इंदूरची थंडी, संध्याकाळची वेळ, तरी सभागृह भरलं. विषयच पोटाचा होता. व्यासपीठावर दोघं. एक पस्तिशीचा संगणक अभियंता. पोळी-भात सोडून अंडी, चिकन आणि लोणी यांवर त्याने वर्षभरात अठरा किलो उतरवले होते. दुसऱ्या एक निवृत्त बँक अधिकारी बाई. त्यांनी मांस कधी खाल्लंच नव्हतं. आता दूध-तूपही सोडलं होतं आणि कोलेस्टेरॉल खाली आणलं होतं. दोघंही प्रामाणिक, दोघंही हातात तपासणीचे कागद घेऊन आलेले, आणि दोघांचंही म्हणणं एकच: ‘मी स्वतःच पुरावा आहे.’ दीड तास कागद फडफडले. शेवटी मागच्या रांगेतून एक काकू उठल्या. ‘आमच्या ह्यांना दोन वेळा इन्सुलिन आहे. सकाळी पोहे लागतात, ते द्यायचे की नाही, एवढंच सांगा.’ अभियंता म्हणाला, पोहे म्हणजे विष. बाई म्हणाल्या, पोहे वनस्पतीजन्य आहेत, खुशाल द्या. काकू खाली बसल्या. माझ्या मते त्या संध्याकाळचा एकमेव कामाचा प्रश्न तो होता, आणि तो तसाच राहिला.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. कमी कर्बोदकांवाल्यांनी आपल्या ताटाचं निदान बरोबर केलं आहे, पण त्यावर मांस हाच उपाय, हे त्यांना सिद्ध करता आलेलं नाही. वनस्पती-आहारवाल्यांचा पुरावा भक्कम आहे, पण तो ज्या ताटाचा आहे ते ताट आपल्या घरात नाही. दोघंही आपलं सर्वांत चांगलं ताट दुसऱ्याच्या सर्वांत वाईट ताटासमोर ठेवतात आणि जिंकतात. एकाच्या हाती भाजलेला मासा आणि पालक, समोर कचोरी. दुसरीच्या हाती मोड आलेले मूग आणि अक्रोड, समोर डबाबंद सॉसेज. असा सामना कोण हरेल?

आधी मांसवाल्यांची बाजू घेतो, कारण आमच्या मंडळात तिला टाळ्या कमी पडल्या. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीत भारतीय माणूस दिवसभराच्या ऊर्जेपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून घेतो असं दिसलं, आणि त्यातला मोठा वाटा पांढरा तांदूळ, दळलेलं धान्य आणि साखर यांचा. त्याच मालिकेच्या २०२३ च्या अहवालात देशातल्या मधुमेहींची संख्या १० कोटींवर गेल्याचं म्हटलं आहे. त्यात आपली शरीरं मुळात वेगळी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र सहकाऱ्याची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. वरून सडपातळ आणि आतून तुपाळ अशा या देहाला पोळीवर भात आणि त्यावर जिलेबी झेपत नाही, हे अभियंत्याचं म्हणणं खरंच आहे. साखर आणि पीठ कमी केलं की मधुमेह्याची रक्तशर्करा काही दिवसांत उतरते, ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, उतरतात, हे कुणीही डॉक्टर मान्य करेल. ही नवी गोष्टही नव्हे. जॉन रोलो नावाच्या ब्रिटिश लष्करी शल्यवैद्याने एका मधुमेही कॅप्टनला जवळजवळ निव्वळ मांसाहारावर ठेवल्याची १७९७ ची नोंद आहे. तिथून इन्सुलिन सापडेपर्यंत सव्वाशे वर्षं वैद्यांच्या हातात आहार आवळण्यापलीकडे फारसं काही नव्हतं.

मग अडतं कुठे? अडतं ते ‘म्हणून मांस’ या दोन शब्दांत. १८६३ मध्ये लंडनमध्ये विल्यम बँटिंग या अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या स्थूल गृहस्थाने स्वतःच्या खर्चाने एक पुस्तिका छापली. डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याने पाव, साखर, बिअर आणि बटाटे सोडले, मांसावर भर दिला आणि वर्षभरात वीसेक किलो उतरवले. पुस्तिका इतकी खपली की ‘बँटिंग करणं’ हे वजन उतरवण्याचं क्रियापदच झालं. पण त्याने एकाच वेळी पाव, साखर आणि बिअर सोडली होती. मग श्रेय मांसाला कसं? आमचा अभियंताही तेच करतो. त्याने छप्पन दुकानचं रोजचं खाणं सोडलं, रात्रीचा सराफ्यातला खाऊबाजार सोडला, गोड शीतपेयं सोडली, जिम लावली. आणि अठरा किलोंचं श्रेय लोण्याला दिलं.

ही उकल प्रयोगांनी केलेली आहे. स्टॅनफर्डमध्ये ६०९ जणांना वर्षभर दोन गटांत ठेवलं, एक कमी स्निग्ध, एक कमी कर्बोदकं. दोघांनाही सांगितलं की साखर, मैदा कमी करा, भाज्या वाढवा. २०१८ मध्ये निकाल आला: एका गटाचं वजन सरासरी ५.३ किलो उतरलं, दुसऱ्याचं ६. फरक नगण्य. त्याहून बोलका आहे तो ब्रिटनमधला ‘डायरेक्ट’ प्रयोग. तिथे मधुमेहींना काही महिने रोज साडेआठशे कॅलरींच्या आसपास सूप आणि शेकवर ठेवलं. वर्षाअखेर ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधाविना आटोक्यात आला होता. पंधरा किलो वा अधिक उतरवणाऱ्यांत तर ८६ टक्क्यांचा. आणि त्या शेकमधली ५९ टक्के ऊर्जा होती कर्बोदकांची! म्हणजे यकृतातली आणि स्वादुपिंडातली चरबी वितळवायची तर वजन उतरायला हवं. ते कोणत्या वाटेने, हा ज्याच्या त्याच्या जिभेचा आणि संसाराचा प्रश्न आहे. अमेरिकेत केव्हिन हॉल या पोषण-संशोधकांनी २०२१ मध्ये वीस जणांना दोन-दोन आठवडे दोन्ही आहार पोटभर दिले. वनस्पतीच्या, कमी तेलाच्या ताटावर लोकांनी आपणहून रोज सुमारे ६८९ कॅलरी कमी खाल्ल्या, जेवणानंतरची साखर जास्त चढत असूनही. प्रयोग छोटा आणि कमी मुदतीचा, मान्य. पण ‘कर्बोदकं खाल्ली की भूक भडकतेच’ हा सिद्धांत त्याने चांगलाच पातळ केला. शिवाय लोणी-चरबीवर चालणाऱ्या कीटोत अनेकांचं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, चढतं. ज्या समाजात पन्नाशीच्या आत हृदयविकार गाठतो, तिथे ‘ते एलडीएल चांगलं असतं’ असं हसत सांगणं मला धाडसाचं वाटतं.

आता बाईंकडे वळतो. त्यांचा पुरावा खरोखर वजनदार आहे. अमेरिकेतल्या पंधरा हजारांवर लोकांच्या पंचवीस वर्षांच्या नोंदी २०१८ मध्ये मांडल्या गेल्या. कर्बोदकं फार जास्त किंवा फार कमी खाणारे, दोघंही आधी गेले. मधले जास्त जगले. आणि कर्बोदकं कमी करून त्या जागी मांस आणलेल्यांचा मृत्युदर जास्त दिसला, डाळी-दाणे आणलेल्यांचा कमी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस निश्चित कर्करोगकारक गटात टाकलं. रोज ५० ग्रॅममागे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो असा त्यांचा हिशेब. हे सगळं मान्य. मात्र बाईंनी कॅलिफोर्नियातल्या ज्या अॅडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या दीर्घायुषी शाकाहाऱ्यांचा दाखला दिला, ती मंडळी सिगारेट ओढत नाहीत, दारू सहसा पीत नाहीत, रोज दाणे, घेवडे, अख्खी धान्यं खातात. आपण सकाळी पोहे-जिलेबी, अकराला चहा-बिस्किट, दुपारी चार पोळ्या, बटाट्याची भाजी आणि पळी बुडवली तर तळ दिसेल असं वरण, चारला कचोरी, रात्री खिचडीवर सेव. यात मांसाचा कण नाही, आणि तरी कॅलिफोर्नियातल्या त्या ताटाशी याचं काय नातं? रतलामी सेव शंभर टक्के वनस्पतीजन्य आहे. मैदा, साखर, रिफाइंड तेल, सगळे शाकाहारी. ‘शाकाहार हृदयाला चांगला’ हे वाक्य आपण ऐकतो आणि नमकीनच्या पाकिटासकट स्वतःला त्यात बसवून घेतो.

याची एक जुनी, जरा गमतीची गोष्ट आहे. अॅडव्हेंटिस्टांच्याच परंपरेतले डॉ. जॉन हार्वी केलॉग मिशिगनमधल्या आपल्या आरोग्यधामात रुग्णांना मांस, साखर, मसाले वर्ज्य करायचे; त्यांच्या स्वयंपाकघरातून मक्याचे ते सुप्रसिद्ध फ्लेक्स निघाले. धाकट्या भावाने १९०६ मध्ये कंपनी काढली आणि साखर घातली. आज तेच खोकं ‘हेल्दी नाश्ता’ म्हणून आपल्या नातवंडांच्या पुढ्यात आहे. शुद्ध आहाराचा कोणताही पंथ असो, बाजार त्याच्या दारात उभाच असतो. आता कीटोच्या वड्याही मिळतातच की.

बाईंच्या बाजूची आणखी एक दुखरी जागा. ब्रिटनमधल्या ४८ हजार लोकांच्या अभ्यासात शाकाहाऱ्यांना हृदयविकार २२ टक्क्यांनी कमी आढळला, पण पक्षाघात मांसाहाऱ्यांपेक्षा २० टक्क्यांनी जास्त. कारण अजून वादात आहे. पण बी-१२ जीवनसत्त्व वादात नाही. वनस्पतींतून ते भरवशाने मिळत नाही. याज्ञिकांनी पुण्यातल्या मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली तेव्हा तिघांतल्या दोघांच्या शरीरात ते कमी होतं, आणि यातले बरेच दूध पिणारे होते! त्यात मेटफॉर्मिन ही मधुमेहाची नेहमीची गोळी बी-१२ चं शोषण घटवते, म्हणजे शाकाहारी मधुमेह्याचं दुहेरी नुकसान. तळपाय जळतात, मुंग्या येतात, सगळं ‘शुगरमुळे’ म्हणून खपवलं जातं. आहाराचे प्रयोग गांधीजींइतके चिकाटीने कुणी केले नसतील. त्यांनी १९१२ मध्ये दूध सोडलं. १९१८ मध्ये आमांशाने ते इतके खंगले की डॉक्टरांपुढे आणि कस्तुरबांपुढे माघार घेऊन बकरीचं दूध सुरू करावं लागलं, आणि ही माघार त्यांना आयुष्यभर सलत राहिली. ते त्यांनी लपवलं नाही. व्यासपीठावर ‘मी स्वतःच पुरावा’ म्हणणाऱ्यांनी इतका प्रामाणिकपणा दाखवावा, एवढी माझी अपेक्षा.

परिसंवादात दोघांनीही पूर्वजांना साक्षीला बोलावलं, ते तर फारच झालं. एकाचे पूर्वज होळकरांच्या घोडदळात बोकड खाऊन मुलूख मारणारे, दुसरीचे कंदमुळं खाणारे ऋषी. या दोन्ही पूर्वजांना मोटार, लिफ्ट आणि रात्री उघडणारा सराफा नव्हता, हे कुणी बोललं नाही. पूर्वजांच्याच ताटाची परीक्षा घ्यायची तर ती झालेली आहे. शंभरेक वर्षांपूर्वी रॉबर्ट मॅककॅरिसन या ब्रिटिश डॉक्टरांनी तमिळनाडूतल्या कुन्नूरला उंदरांना देशातल्या निरनिराळ्या लोकांची जेवणं घातली. त्यांच्याच प्रयोगशाळेतून पुढे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था झाली. सर्वांत निरोगी वाढले शीख जेवणावरचे उंदीर, त्यांच्यामागे पठाणी, आणि तिसरे आमचे मराठी. (मंडळात ही बातमी सांगायला हवी होती, टाळ्या पडल्या असत्या.) अगदी तळाला, मुख्यतः घासलेल्या तांदळावर जगणारे मद्रासी जेवणाचे उंदीर. आणि शीख ताटात काय होतं? अख्ख्या गव्हाच्या पोळ्या, दूध-दही, डाळ, ताज्या भाज्या, आणि मांस अधूनमधून. ना कीटो, ना व्हीगन.

हा वाद इतका का तापतो? मला वाटतं, आरोग्य हे त्यातलं वरवरचं कारण आहे. आमच्या इंदूरच्या मराठी समाजात मांस खाणारी घरं आहेत, न खाणारी आहेत, आणि कोणती कोणती हे आडनावावरून ओळखण्याची सवय आहे. भाड्याच्या घराच्या पाटीवर ‘फक्त शाकाहारी’ लिहिणाऱ्याला एलडीएलची चिंता असते का? अहिंसेसाठी मांस खात नसाल तर तसं म्हणा. मी मान तुकवतो. पाणी, जमीन, हवामान यांसाठी म्हणत असाल तर तोही वजनदार मुद्दा आहे. पण त्यासाठी कोलेस्टेरॉलला भाड्याने आणू नका. या भाड्याच्या युक्तिवादाची किंमत कोण मोजतं तेही बघा. २०१५ मध्ये आमच्याच राज्यात आदिवासी भागातल्या अंगणवाड्यांत अंडं देण्याचा प्रस्ताव आला आणि सरकारने तो फेटाळला. दूध-केळी देऊ म्हणाले. ज्या राज्यात तीन मुलांमागे एकाहून जास्त मूल वयाच्या मानाने खुजं आहे, तिथे आधीच घरी अंडी खाणाऱ्या मुलाला सहा ग्रॅम उत्तम प्रथिनं आणि थोडं बी-१२ नाकारणं, याला मी शाकाहार म्हणणार नाही.

आणि आता माझा आवडता मुद्दा, जो व्यासपीठावर कुणाच्याच डोक्यात आला नाही. माळवा म्हणजे सोयाबीनचा मुलूख. सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था इंदुरात, प्रक्रिया उद्योगांची संघटना इंदुरात. या दाण्यात साधारण ४० टक्के प्रथिनं आणि २० टक्के तेल. आपण काय करतो? तेल काढून घेतो, त्यात सेव तळतो आणि खातो. उरलेली प्रथिनांची पेंड जाते कोंबड्यांच्या खाद्याला आणि परदेशी. म्हणजे अभियंता जे चिकन ‘प्रोटीन’ म्हणून खातो, त्या कोंबडीने आमच्याच शेतातली डाळ खाल्लेली असते, आणि बाई जिला वनस्पती-आहार म्हणतात त्यात त्याच दाण्याचं फक्त तेल आलेलं असतं. दोघंही एकाच शेंगेवर जगतात आणि एकमेकांशी भांडतात. ‘डग-डग रोटी, पग-पग नीर’ म्हणवणाऱ्या माळव्यात रोटी पावलोपावली आहे खरी. प्रथिनं मात्र वरणाच्या पातळ वाटीतले चार-पाच ग्रॅम. साठ किलोच्या माणसाला दिवसाला पन्नासेक ग्रॅम लागतात. हिशेब करून बघा.

‘म्हणजे तुम्ही कुंपणावर’, असं कुणी म्हणेल. अजिबात नाही. माझी बाजू दोघांनाही न आवडणारी आहे: मधुमेही वा ढेरी सुटलेल्या मराठी माणसाने धान्य आणि साखर कमी करावी, ती जागा डाळी, उसळी, दही, पनीर, सोयाबीन यांनी भरावी, चालत असेल तर अंडी-मासे घ्यावेत. लोणी-मटणाचा डोंगर नको. आयसीएमआरच्या त्या २०२५ च्या विश्लेषणात कर्बोदकांचा थोडा हिस्सा काढून डाळी-दुधातल्या प्रथिनांना दिला तर मधुमेहाची शक्यता घटलेली दिसते. आणि त्यातलीच एक गोष्ट ज्वारी-बाजरीवाल्यांनी मनावर घ्यावी: एकूण कर्बोदकं तेवढीच ठेवून नुसतं पीठ बदललं, पांढऱ्या तांदळाऐवजी दळलेला गहू किंवा भरड धान्य आणलं, तर तो फायदा दिसत नाही. चार पोळ्यांच्या जागी चार भाकऱ्या हा उपचार नव्हे. दोन भाकऱ्या आणि वाटीभर घट्ट उसळ, हा असू शकतो.

आता एक गोष्ट जी अभियंत्याने सांगायला हवी होती. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना कुणी दुसऱ्या दिवसापासून पोळी-भात बंद केला, तर साखर धोकादायक रीतीने खाली जाऊ शकते. डोस आधी डॉक्टरांकडून कमी करून घ्यावा लागतो. ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ येतं, त्या लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्यांवर कडक कीटो केलं तर साखर जवळपास ठीक दिसत असतानाच रक्तात आम्ल साठू शकतं. ‘पोहे म्हणजे विष’ असं इन्सुलिन घेणाऱ्याच्या बायकोला सांगून टाळ्या घेणं, याला मी बेजबाबदारपणाच म्हणतो.

सभा संपल्यावर काकूंना गाठलं. म्हटलं, डॉक्टरांना विचारून करा, पण माझ्या घरी काय चालतं ते सांगतो. पोहे निम्मे. उरलेल्या निम्म्यात मोड आलेली मटकी वाफवून, भरपूर कांदा-कोथिंबीर, बाजूला दही, किंवा चालत असेल तर उकडलेलं अंडं. जिलेबी नाही. नंतर वीस मिनिटं पायी. दोन तासांनी बोटाला टोचून आकडा वहीत लिहायचा. आठवडाभरात वही परिसंवादापेक्षा जास्त बोलते. त्यांनी पदराच्या गाठीला बांधल्यासारखं सगळं ऐकून घेतलं. परवा भाजीबाजारात भेटल्या. आकडा उतरतोय म्हणाल्या, डॉक्टरांनी सकाळचं इन्सुलिन दोन युनिट कमी केलंय, मटकीवर काकांनी आधी रुसवा धरला, आता खातात.

‘पण सेव बंद म्हटलं तर ऐकत नाहीत हो. म्हणतात, भिया, सेव नाही तर मग पोहे कशाला?’

चमचाभर द्या, म्हटलं. मोजून.